आधी हिशेब, मग दुआ

मृग कोरडा जातो, आर्द्राही तशीच सरते, उगवलेले पीक करपू लागते आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गावच्या मशिदीतून जाहीर होते : उद्या सकाळी ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का, म्हणजे पाऊस मागण्याची नमाज आहे, सगळ्यांनी यावे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर छायाचित्र येते. उन्हात ओळीने उभी असलेली माणसे, आकाशाकडे पसरलेले हात आणि खाली एक ओळ : पावसासाठी मुस्लिम बांधवांचे साकडे. शेजारी कुठे बेडकाचे लग्न लागलेले असते, कुठे गाभाऱ्यात पाणी भरून महादेव कोंडलेला असतो. वाचक पान उलटतो.

त्या छायाचित्रात या नमाजाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येत नाही, कारण तो ईदगाहवर घडतच नाही. तो त्याआधीच्या दिवसांत, घरात, शेताच्या बांधावर, दुकानात, विहिरीच्या काठावर घडायचा असतो. इस्लामी धर्मशास्त्राने पाऊस मागण्याआधी माणसाला काही करायला सांगितले आहे, आणि ते नमाजापेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्याचे आपल्याकडे देणे आहे त्याचे देऊन ये, ज्याचे अडवले आहेस त्याचे सोड, मग हात वर कर. हा पूर्वार्ध आज जवळजवळ सगळीकडे गळून पडला आहे. राजवाड्यातून फर्मान निघते तिथेही आणि आपल्या गावातही. तो परत आणायला हवा, एवढेच या स्फुटाचे म्हणणे आहे.

विधी साधा आहे. लोकांनी पाऊस नसल्याची तक्रार केली तेव्हा प्रेषित मुहम्मद पैगंबरांनी एक दिवस नेमून दिला, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मिंबर ठेवायला सांगितले आणि सूर्याची कड दिसताच ते बाहेर पडले, असे हजरत आयेशांच्या नावे आलेल्या हदीसमध्ये आहे. अजान नाही, इकामत नाही. दोन रकात, मोठ्या आवाजात पठण, खुतबा म्हणजे प्रवचन, मग किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून दुआ. अंगावरची चादर उलटी करायची, उजवी बाजू डावीकडे आणि डावी उजवीकडे, म्हणजे दिवसही असेच पालटोत. हात एरवीपेक्षा खूप उंच न्यायचे. ईदला माणूस नवे कपडे घालून, अत्तर लावून ईदगाहवर जातो. या दिवशी त्याच मैदानाकडे साध्या, रोजच्या कपड्यांत, मान खाली घालून, पायी जायचे.

पंथांचे मतभेद इथेही आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमातीने पढलेली नमाज या प्रसंगी आवश्यक नाही. दुआ आणि क्षमायाचना हाच त्याचा गाभा. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी मात्र दोन रकात मानल्या, आणि हनफी मराठवाड्यात आज तीच रीत दिसते. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्या पद्धतीत ईदसारख्याच पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच जादा तकबीर येतात. तकबिरींच्या संख्येवर वाद होऊ शकतो, पण तौबेवाचून ही नमाज पोकळ आहे, याबद्दल कुठल्याही इमामाचे दुमत नाही.

आणि तौबा म्हणजे नुसते डोळ्यांत पाणी आणणे नव्हे. १३व्या शतकात दमास्कसला होऊन गेलेले इमाम नववी हे शाफई परंपरेतले मोठे नाव. तौबेच्या अटी सांगताना ते तीन गोष्टी आतल्या सांगतात : पाप सोडणे, त्याचा पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. पण जिथे दुसऱ्या माणसाचा हक्क गुंतला आहे तिथे चौथी अट येते : त्याचे त्याला परत करणे. इस्तिस्काच्या प्रकरणात फिक्हचे, म्हणजे धर्मविधींच्या शास्त्राचे ग्रंथ हेच विस्ताराने मांडतात. नमाजाच्या आधी इमामाने लोकांना सांगावे की अन्यायाने घेतलेले परत करा, आपसातली वैरे मिटवा, सदका द्या, तीन दिवस रोजे ठेवा आणि मग चौथ्या दिवशी बाहेर पडा. म्हणजे मैदानात जाण्याआधी निदान तीन दिवस गावाने स्वतःचा हिशेब तपासावा, अशी ही रचना आहे.

हे आपल्या मातीत आणून पाहावे. अन्यायाने घेतलेले म्हणजे काय? शेजाऱ्याचा बांध कोरून आपल्या शेतात घेतलेली हातभर जमीन. ऊसतोडीच्या किंवा सालगड्याच्या हिशेबात दाबून ठेवलेली मजुरी. बहिणीला शरीअतने स्पष्ट वाटा दिलेला असताना, माहेर तुटेल या धाकाने तिच्याकडून लिहून घेतलेले हक्कसोडपत्र. सामाईक विहिरीवर आपली पाळी संपल्यावरही चालू राहिलेली मोटार. ही यादी ज्याची त्याने करायची आहे. ती केल्याशिवाय ईदगाहवर पसरलेल्या हातांत काहीतरी आधीच धरलेले असते.

इब्न माजा यांच्या संग्रहातली एक हदीस याहून रोखठोक आहे. जे लोक जकात देणे थांबवतात त्यांचा पाऊस थांबतो आणि मुकी जनावरे नसती तर त्यांच्यावर थेंबही पडला नसता, असा तिचा आशय. माप मारणाऱ्यांवर दुष्काळ आणि जुलमी सत्ता येते, हेही त्याच हदीसमध्ये आहे. म्हणूनच काही फकिहांनी नमाजाला म्हातारे, मुले आणि गुरेढोरे बरोबर न्यायला सांगितले. परंपरेत हजरत सुलैमानांची कथा येते. पाऊस मागायला निघालेले असताना त्यांना वाटेत एक मुंगी दिसली. ती पाठीवर पडून पाय आकाशाकडे करून याचना करत होती. सुलैमान लोकांना म्हणाले, परत चला, दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेने तुमचे काम झाले आहे. पाण्यावरचा पहिला हक्क सर्वांत दुबळ्याचा, ही या सगळ्यामागची धारणा आहे.

ही धारणा प्रत्यक्षात कशी उतरते, ते खलिफा उमर यांच्या काळात दिसले. हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९. अरबी इतिहासात या वर्षाचे नाव राखेचे वर्ष असे पडले, कारण महिनोन्महिने पाऊस नव्हता, जमीन राखेसारखी झाली होती आणि वारा सुटला की राखच उडे. वाळवंटातल्या टोळ्या गुरे मरून गेल्यावर मदिनेकडे आल्या आणि शहराभोवती तळ देऊन राहिल्या. उमर यांनी शहराच्या चहूबाजूंना माणसे नेमली, कोण आले, किती आले, कोण उपाशी आहे याची रोज खबर ठेवली. इब्न सअद या जुन्या चरित्रकाराने नोंदवले आहे की एका रात्री मोजणी केली तेव्हा सरकारी पंगतीत जेवणारे ७,००० निघाले, आणि पंगतीला येऊ न शकणारी बायकामुले व आजारी ४०,०००. त्यांच्यासाठी अन्न मुक्कामावर पोचवले जाई. सीरिया आणि इराकमधल्या सुभेदारांना पत्रे गेली. सीरियातून अबू उबैदा धान्याने लादलेले ४,००० उंट घेऊन आले.

त्या वर्षी खलिफाने स्वतःवर तूप, दूध आणि मांस बंद केले. लोक पोटभर खाईपर्यंत आपणही खायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. तेल आणि भाकरीवर राहून त्यांचा गोरा रंग काळवंडला, हे पाहणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. घरातल्या एका मुलाच्या हातात खरबूज दिसले तेव्हा ते त्याच्यावर कडाडले : उम्मत उपाशी मरते आहे आणि खलिफाचा पोरगा फळ खातो! पोर रडत पळाले. मग कळले की त्याने खजुराच्या मूठभर बिया देऊन ते घेतले होते. रात्री नमाजात ते एकच गोष्ट मागत असत : या उम्मतीचा नाश माझ्या हातून होऊ देऊ नकोस. दुष्काळाचे कारण त्यांनी टोळ्यांच्या पापांत, कुणाच्या पेहरावात, परधर्मीयांत शोधले नाही. पहिला संशय त्यांनी स्वतःवर घेतला.

कायदाही त्यांनी त्या वर्षापुरता वाकवला. भुकेच्या वर्षात चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा अमलात आणली नाही, कारण पोटासाठी उचललेल्या घासाला चोरी म्हणता येत नाही. जकात वसुली थांबवली. पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर दोन वर्षांची जकात एकदम घेतली, पण त्यातली एका वर्षाची जिथली तिथेच गरिबांत वाटायला लावली. पिकाची आणेवारी ठराविक मर्यादेखाली गेली की सारा तहकूब होतो, हे आपल्याला इंग्रजी अमलापासून ठाऊक. त्याच्या बाराशे वर्षे आधी मदिनेत हा विचार झाला होता, आणि तोही रयतेच्या बाजूने अधिक मोकळ्या हाताने.

एवढे सगळे चालू असताना उमर लोकांना घेऊन मैदानात आले. प्रेषितांचे वृद्ध काका अब्बास यांना त्यांनी पुढे केले आणि दुआ केली. स्वतः त्यांनी बहुतांश वेळ क्षमायाचनाच केली, असे वृत्तांत सांगतात. पाऊस आला आणि टोळ्या आपापल्या मुलखाला परतल्या. त्यांना जाताना वाटखर्ची आणि वाहने दिली गेली. पण पाऊस पडला म्हणून उमर थांबले नाहीत. पुढे इजिप्त हाती आल्यावर तिथले सुभेदार अम्र इब्न अल-आस यांनी नाईलपासून लाल समुद्रापर्यंतचा बुजलेला जुना कालवा पुन्हा खोदला, आणि इजिप्तचे धान्य जहाजांनी हिजाझच्या किनाऱ्याला येऊ लागले. दुआ कबूल झाल्यावर पुढच्या दुष्काळाची तयारी करणे, हा त्या दुआचाच शेवटचा भाग होता. राखेच्या वर्षाची कहाणी सांगताना आपले वक्ते मैदानातली दुआ रंगवून सांगतात आणि कालव्याशी पोचायच्या आत थांबतात.

दुसरी गोष्ट स्पेनमधल्या कॉर्डोबाची, १०व्या शतकातली. अब्द अर्-रहमान तिसरा हा तिथला बलाढ्य उमय्यद खलिफा. शहराबाहेर त्याने मदीनत अझ्-झहरा नावाची राजनगरी उभारली. तिच्या सोन्यारुप्याच्या छताबद्दल त्याला तोंडावर सुनावणारा माणूस म्हणजे काझी मुनधिर इब्न सईद. एका वर्षी पाऊस ताणला आणि खलिफाने काझीला निरोप पाठवला की लोकांना घेऊन इस्तिस्काला जा. काझीने निरोप्याला विचारले, खलिफा काय करतो आहे? निरोप्या म्हणाला, असा नम्र झालेला त्याला कधी पाहिला नव्हता. जाडेभरडे कपडे घालून, एकटा, मातीत डोके ठेवून रडतो आहे आणि म्हणतो आहे की माझ्या अपराधांसाठी रयतेला शिक्षा नको. तेव्हा काझी आपल्या नोकराला म्हणाला, पावसात पांघरायचे बरोबर घे. जमिनीवरचा जबरदस्त जेव्हा झुकतो, तेव्हा आभाळातला दयाळू दया करतो. कथेत पाऊस आला. पण काझीने आधी चौकशी कशाची केली, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याला ढग आहेत की नाहीत हे विचारावेसे वाटले नाही. सत्ता स्वतःच्या अपराधाकडे बघते आहे का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

इथे कुणी विचारील की नमाजाने पाऊस पडतो का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. मोसमी वारे, समुद्राचे तापमान, एल निनो यांचे शास्त्र आहे, आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा का गेला याचे उत्तर त्याच शास्त्राकडे मागायला हवे. इस्लामच्या मूळ परंपरेला या विचाराचे वावडे नाही. ६३२ मध्ये प्रेषितांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की मुलाच्या मृत्यूने सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाने ते तिथल्या तिथे खोडून काढले : कुणाच्या जन्माने वा मृत्यूने ग्रहण लागत नाही. तरीही त्यांनी ग्रहणाची नमाज पढली. श्रद्धावान माणूस कारणांची जागा प्रार्थनेला देत नाही. आपल्या हातात काय नाही ते तो प्रार्थनेत कबूल करतो, आणि ते प्रामाणिकपणे कबूल करणाऱ्याला आपल्या हातात काय आहे तेही टाळता येत नाही. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनाही या दुसऱ्या भागाशी वाद घालायला जागा नाही.

किती मागावे, याचेही भान या परंपरेत आहे. शुक्रवारचा खुतबा चालू असताना एक माणूस मशिदीत शिरला आणि म्हणाला, गुरे मेली, वाटा बंद झाल्या, पावसासाठी दुआ करा. प्रेषितांनी हात उचलले. मदिनेजवळच्या सलअ डोंगरामागून ढालीएवढा ढग आला, पसरला आणि आठवडाभर सूर्य दिसला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच दारातून माणूस आला : मालमत्ता बुडाली, वाटा बंद झाल्या, पाऊस थांबावा अशी दुआ करा. तेव्हा त्यांनी मागितले की पाऊस आमच्यावर नको, आमच्या भोवती पडो, टेकड्यांवर, ओढ्यांच्या पात्रांत, झाडे उगवतात तिथे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरेच्या काठाने ज्यांनी पुराने खरवडून निघालेली शेते पाहिली, त्यांना या दुसऱ्या शुक्रवारचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पाणी टेकडीवर, ओढ्यात, झाडांच्या मुळाशी पोचावे, ही मागणी करणाऱ्याने टेकडी बोडकी आणि ओढा बुजवलेला ठेवून कसे चालेल?

आजच्या राज्यकर्त्यांकडे पाहिले की हा सवाल टोकदार होतो. मोरोक्कोत २०१८ नंतर अवर्षणाची वर्षे एकामागून एक आली. तिथला राजा मोमिनांचा अमीर, म्हणजे श्रद्धावानांचा प्रमुख मानला जातो. त्याच्या नावे धर्मखात्याचे फर्मान निघते आणि देशभरच्या मशिदींत, ईदगाहांत इस्तिस्काची नमाज होते. त्याबरोबर काही पावले खरोखर उचलली गेली. २०२४ च्या सुरुवातीला कासाब्लांकासारख्या शहरांत हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायला लावले. समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे प्रकल्प हाती घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजाने लोकांना ईदुल अजहाची कुर्बानी त्या वर्षी न देण्याची विनंती केली, कारण मेंढ्यांचे कळप ३८ टक्क्यांनी घटले होते. सणाच्या दिवशी रयतेने एवढा संयम पाळला, ही लहान गोष्ट नाही.

पण संयम कुणाकडून मागितला, हेही पाहावे लागते. हमाम ही गरिबाच्या आंघोळीची जागा आहे. ज्याच्या घरी पाणी तापवायची सोय नाही तो तिथे जातो. त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी पट्ट्यात झागोरा आणि टाटा या भागांत निर्यातीसाठी कलिंगडे पिकत राहिली, भूजल खाली जात राहिले, गावांच्या नळाला पाणी येईनासे झाले आणि लोक रस्त्यावर आले. पुढे त्या पिकावर मर्यादा घातल्या गेल्या, टाटात बंदीही आली, पण तोवर बरेच पाणी फळांत भरून समुद्रापार गेले होते. उमर यांनी आपल्या मुलाच्या हातातले एक खरबूज सहन केले नाही. त्यांचा वारसा सांगणाऱ्या सत्तेने जहाजे भरून जाणाऱ्या कलिंगडांचा जाब वेळेवर विचारायला हवा होता.

सौदी अरेबियातही बादशहाच्या हाकेवर ही नमाज होते. त्या देशाने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हजारो वर्षांपूर्वी साठलेले, पुन्हा न भरणारे भूजल उपसून वाळवंटात गहू पिकवला, इतका की १९९०च्या दशकाच्या आरंभी तो जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत गणला गेला. ती चूक आहे हे २००८ मध्ये सरकारने मान्य केले आणि २०१६ पर्यंत देशी गव्हाची खरेदी बंद केली. एका पिढीने पुढच्या अनेक पिढ्यांचे पाणी वापरून टाकले. अन्यायाने घेतलेले परत करा, या अटीत अजून जन्माला न आलेल्यांचे पाणीही येते. पण ते आता कुणालाही परत करता येणार नाही.

लांबच्या सत्तांना विचारलेला प्रश्न आपल्या दारातही तेवढाच लागू आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आणि त्या हंगामातही मराठवाड्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळला होता. हंडाभर पाण्यासाठी रात्र काढणारी बाई आणि उसाला पाटाने पाणी सोडणारा बागायतदार एकाच तालुक्यात राहतात, कधी एकाच ईदगाहवर एकाच ओळीत त्यांच्या घरची माणसे उभी राहतात. टँकर लॉबी हा शब्द या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. वाटसरूला अडवून जास्तीचे पाणी राखून ठेवणाऱ्याकडे कयामतच्या दिवशी अल्ला पाहणार नाही, अशी हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सगळ्यांचा वाटा आहे, अशीही हदीस आहे. मदिनेत रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकले जाई. हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेतली आणि सगळ्यांसाठी वक्फ करून टाकली. ज्याच्या बोअरला पाणी आहे आणि ज्याचा टँकर दुष्काळात दुप्पट भावाने चालतो, त्याला यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगावे?

मराठवाड्याच्या मुसलमानांना यासाठी परदेशी उदाहरणेही शोधायची गरज नाही. मलिक अंबरने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली तेव्हा शहराला पाणी पुरवण्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात हरसूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आले आणि त्यावर पाणचक्की फिरू लागली. आज छत्रपती संभाजीनगरला येणारा प्रवासी ती पाहायला जातो. ती चक्की यात्रेकरूंसाठी आणि गोरगरिबांसाठी धान्य दळत असे. दख्खनच्या कोरड्या पठारावर आलेल्या श्रद्धेने पाणी साठवणे, वाहून आणणे आणि फुकट वाटणे हे इबादतीचेच अंग मानले होते. या वारशाच्या नहरी कितीतरी ठिकाणी आज गाळाने आणि अतिक्रमणाने बुजल्या आहेत. दुष्काळात दुआ मागायची आणि पूर्वजांनी दुआसारखीच बांधलेली नहर बुजू द्यायची, हे एकत्र जात नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. ज्या गावात इस्तिस्काची नमाज जाहीर होईल तिथे इमामसाहेबांनी तीन दिवस आधी, जुन्या रिवाजाप्रमाणे, तौबेची यादीही जाहीर करावी, आणि ती नाव घेऊन, व्यवहाराच्या भाषेत असावी. थकलेली मजुरी तीन दिवसांत चुकती व्हावी. बहिणींच्या वाट्याचे वाद मिटवायला बसावे. ज्यांच्या बोअरला पाणी आहे त्यांनी रोज ठराविक वेळ ती वस्तीसाठी खुली ठेवावी, जात आणि धर्म न विचारता. प्रेषित एक मुद, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणे) करत असत. हे आठवून मशिदीतल्या सुटलेल्या तोट्या बंद व्हाव्यात आणि वुजूखान्याचे पाणी झाडांना जावे. वक्फच्या जमिनीवरची बारव, हौद, विहीर असेल तर मुतवल्ली (वक्फचे व्यवस्थापक) आणि जमात यांनी मिळून तिचा गाळ काढावा. यातले काहीही नवे नाही. सगळे मूळ ग्रंथांच्या चौकटीतले आहे.

आणि त्या मैदानाचे दार शेजाऱ्यांना खुले असावे. इब्न कुदामा या १३व्या शतकातल्या हंबली फकिहाने इस्तिस्काच्या प्रकरणात लिहिले की परधर्मीयही त्या दिवशी पाऊस मागायला बाहेर पडले तर त्यांना अडवू नये, कारण त्यांच्या भाकरीची हमीही अल्लानेच घेतली आहे. त्या काळाच्या चौकटीप्रमाणे त्याने त्यांना बाजूला उभे राहायला सांगितले. तेवढे आपण सोडून देऊ शकतो. ज्या गावात महादेव कोंडला जातो आणि ईदगाहवर चादर उलटी होते, त्या गावाची विहीर एकच असते आणि तिची पातळीही एकच असते. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून ओढ्याचा गाळ उपसला, तर दोन्हीकडच्या प्रार्थनांचा मान वाढेल.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. असे दुष्काळ पुन्हा येणार आहेत आणि इस्तिस्काची नमाजही पुन्हा होणार आहे. ती व्हावी. माणसाने आपली असहायता सर्वांसमोर मान्य करणे, श्रीमंत-गरिबाने एकाच ओळीत साध्या कपड्यांत उभे राहणे, यात मोठे बळ आहे. पण पुढच्या वेळी वार्ताहराने ईदगाहचे छायाचित्र काढून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा, आणि जमातीनेही तो स्वतःला विचारावा : या तीन दिवसांत गावात कुणाचे काय परत केले गेले? जिथे या प्रश्नाला सांगण्यासारखे उत्तर असेल, तिथे नमाज पूर्ण झाली असे समजावे, मग पाऊस त्या आठवड्यात येवो अथवा न येवो. कारण तिथे पाऊस लांबला तरी माणसे तहानेने एकटी मरणार नाहीत.